एक्सचेंजवर ‘कम्प्लिटेड’, वॉलेटमध्ये शून्य: पॉलिगॉनवर काढलेले यूएसडीटी गेले कुठे?

विश्रामबाग_नवखा (सांगली)

नमस्कार मंडळी. मोबाइलवर मेटामास्क हे क्रिप्टो वॉलेट घेतलंय, अजून शिकतोय. एक्सचेंजवरून १०० यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं) वॉलेटमध्ये काढले. नेटवर्क निवडायला ईआरसी२० (इथेरियम), टीआरसी२० आणि पॉलिगॉन असे तीन पर्याय होते. पॉलिगॉनची फी सगळ्यात कमी म्हणून ते निवडलं आणि मेटामास्कमधला ०एक्सने सुरू होणारा पत्ता टाकला. एक्सचेंज ‘कम्प्लिटेड’ म्हणतंय, एक लांबलचक हॅशही (व्यवहाराचा नंबर) दिलाय. मेटामास्कमध्ये मात्र वर ‘इथेरियम’ आणि खाली ० ईथ. यूएसडीटीचं नावसुद्धा नाही.

तर पैसे गेले का? आणि पुढचा प्रश्न: यातले ४० साताऱ्याच्या मावसभावाला पाठवायचेत. त्याने दिलेला पत्ता ‘टी’ने सुरू होतो आणि मेटामास्क तो पत्ता घ्यायलाच तयार नाही. शिवाय एकजण म्हणाला की पाठवायला वेगळा ‘गॅस’ लागतो. माझ्याकडे यूएसडीटी आहेत की, फी त्यातूनच कापून घेत नाहीत का?

कृष्णाकाठ

पैसे गेलेले नाहीत. वॉलेट डिलीट करून परत टाकण्याच्या भानगडीत पडू नका. आणि हा धागा वाचून कोणी खासगी मेसेजमध्ये ‘सपोर्ट टीम’ म्हणून आलं, तर उत्तर न देता ब्लॉक करा. बाकीचं खाली जाणकार लिहितीलच.

बेदाणा_सौदा (सांगली)

सांगलीकराला हे समजायला सोपं आहे. एका व्यापाऱ्याचा बेदाणा तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आहे आणि थोडा सांगलीच्या दुसऱ्या स्टोरेजमध्ये. नाव तेच, सही तीच. तरी तासगावला ठेवलेल्या पेट्या सांगलीच्या रजिस्टरात शोधल्या तर शून्यच दिसणार. माल चोरीला गेलेला नाही, रजिस्टर चुकीचं उघडलंय.

इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी स्मार्ट चेन, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस, अव्हॅलांच सी-चेन ही सगळी एकाच घराण्यातली नेटवर्क आहेत, ईव्हीएम म्हणतात त्यांना. एका खाजगी किल्लीपासून (वॉलेटमधला गुप्त आकडा) या सगळ्यांवर एकच पत्ता निघतो: ०एक्स आणि पुढे ४० अक्षरं, एकूण ४२. पण प्रत्येक नेटवर्कची वही वेगळी. तुमच्या १०० ची नोंद पॉलिगॉनच्या वहीत झालीय आणि तुम्ही इथेरियमची वही उघडून बसलात.

आधी खात्री करून घ्या. एक्सचेंजने दिलेला हॅश ०एक्स धरून ६६ अक्षरांचा असेल. तो पॉलिगॉनस्कॅनवर, म्हणजे पॉलिगॉनची वही दाखवणाऱ्या साइटवर (एक्सप्लोरर), टाका. इथेरियमच्या इथरस्कॅनवर टाकला तर ‘सापडला नाही’ म्हणेल आणि उगाच धडकी भरेल. पान उघडलं की ‘स्टेटस’ बघा, तिथे ‘सक्सेस’ हवं. मग ‘टू’ची ओळ बघा. इथे नव्वद टक्के नवखे हबकतात, कारण तिथे तुमचा पत्ता नसतो! टोकन पाठवताना व्यवहार जातो टोकनच्या कॉन्ट्रॅक्टकडे (नेटवर्कवर बसवलेला त्या टोकनचा प्रोग्रॅम), आणि तो कॉन्ट्रॅक्ट आपल्या आत ‘याचे १०० कमी, त्याचे १०० जास्त’ अशी नोंद करतो. (एक्सचेंज बऱ्याचदा अनेकांचे पैसे एका व्यवहारात पाठवतं, मग ‘टू’मध्ये एक्सचेंजचाच एखादा कॉन्ट्रॅक्ट दिसतो.) तुमचा पत्ता त्याच्या खाली, ‘टोकन्स ट्रान्सफर्ड’च्या ओळीत असतो. तिथे तुमचा पत्ता आणि समोर १०० दिसले की विषय संपला. पैसे तुमच्या नावावर आहेत, वॉलेटमध्ये दिसोत न दिसोत. वॉलेट म्हणजे नुसती किल्ली आणि चष्मा. पैसे ॲपमध्ये नसतातच.

आता मेटामास्कमध्ये वर नेटवर्कचं नाव आहे तिथे दाबून पॉलिगॉन निवडा. यादीत नसेल तर ‘ॲड नेटवर्क’मध्ये तयार नावांत मिळेल. हाताने भरायची वेळ आलीच तर चेन आयडी (नेटवर्कचा क्रमांक) १३७, चलनाचं चिन्ह पीओएल, एक्सप्लोरर पॉलिगॉनस्कॅन आणि आरपीसीचा (वॉलेट ज्या सर्व्हरमार्फत नेटवर्कशी बोलतं तो) पत्ता पॉलिगॉनच्या अधिकृत कागदपत्रांतला. जुन्या मराठी-हिंदी व्हिडिओंत चिन्ह ‘मॅटिक’ सांगतात. तेच नाणं, सप्टेंबर २०२४ मध्ये पीओएल झालं. मात्र ‘पॉलिगॉन झेडकेईव्हीएम’ दिसलं तर ते निवडू नका, ते वेगळं नेटवर्क आहे आणि त्याचा चेन आयडी ११०१.

एवढं करूनही यूएसडीटी दिसले नाहीत तर टोकन ‘इम्पोर्ट’ करा. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता गुगलवर शोधू नका. मघाशी उघडलेल्या व्यवहाराच्या पानावर टोकनच्या नावावर दाबा, त्याच्या पानावरून उचला. पत्ता टाकल्यावर डेसिमल (दशांश चिन्हापुढची घरं) आपोआप भरलं जातं आणि ते ६ यायला हवं. बीएनबी स्मार्ट चेनवरच्या यूएसडीटीला १८ डेसिमल असतात, तेव्हा ‘सगळीकडे ६’ असं पाठ करू नका. नावातही फरक पडतो. आर्बिट्रमवर हेच टोकन यूएसडीटी० या नावाने दिसतं. नाव कोणीही कसलंही ठेवू शकतो. खरं-खोटं ठरतं कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावर.

गॅसचं मी रात्री लिहितो, किंवा कोणीतरी लिहा.

पोवईनाका_नोड (सातारा)

गॅसचं मी घेतो. वरचा दाखला पुढे नेऊ: तासगावच्या स्टोरेजमधून पेटी हलवायची तर हमाली (तोच गॅस) तासगावच्या हमालांना, आणि तीही ते घेतील त्याच नाण्यात. पॉलिगॉनवर ते नाणं पीओएल. बीएनबी स्मार्ट चेनवर बीएनबी, अव्हॅलांचवर अव्हॅक्स, ट्रॉनवर टीआरएक्स, सोलानावर सोल. इथेरियम, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम आणि बेस या चौघांवर ईथ. पण इथे एक मेख आहे. बेसवर हमाली द्यायला ईथ बेसवरच असावा लागतो. इथेरियमवर भले अर्धा ईथ पडलेला असो, बेसच्या व्यवहाराला त्याचा शून्य उपयोग.

यूएसडीटीतून फी कापण्याची सोय काही वॉलेट आता काही नेटवर्कवर देतात, पण नवख्याने त्यावर विसंबू नये. थोडं मूळ नाणं जवळ ठेवायचंच.

किती? हिशेब असा. साधं मूळ नाणं पाठवायला २१,००० गॅस लागतो. यूएसडीटीसारखं टोकन पाठवायला साधारण ४५,००० ते ६५,०००, कारण कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन नोंदी बदलतात, आणि घेणाऱ्याकडे ते टोकन आधी नसेल तर नवी नोंद उघडायला जास्त गॅस जातो. गॅसला त्या क्षणाच्या भावाने गुणायचं. भाव ग्वेईत असतो आणि एक ग्वेई म्हणजे मूळ नाण्याचा अब्जावा भाग. पॉलिगॉनवर भाव ५० ग्वेई धरला तर ६०,००० गुणिले ५० म्हणजे ३० लाख ग्वेई, म्हणजे ०.००३ पीओएल. एका पीओएलमध्ये असे तीनशेवर व्यवहार बसतात. हाच व्यवहार इथेरियमवर २० ग्वेईने केला तर ०.००१२ ईथ. ईथ अडीच लाख रुपये धरला तर ३०० रुपये हमाली. ४० यूएसडीटी, म्हणजे साधारण ३५०० रुपयांचा माल हलवायला ३०० रुपये! इथेरियमवरचा भाव कधी १ ग्वेईच्या खालीही जातो, कधी गर्दीत ५० वर, त्यामुळे पाठवण्याआधी वॉलेट दाखवतं ती फी वाचूनच ‘कन्फर्म’ करा.

आणखी एक: व्यवहार फसला तरी हमाली जाते. गॅस लिमिट (जास्तीत जास्त किती गॅस जाऊ द्यायचा तो आकडा) हाताने कमी केलं तर व्यवहार मध्येच ‘आउट ऑफ गॅस’ होऊन पडतो. यूएसडीटी जागेवर राहतात, पण खर्च झालेला गॅस परत येत नाही. त्या आकड्याला हात लावू नका.

आता पीओएल आणायचा कसा. एक्सचेंजवर थोडा घ्या आणि काढताना नेटवर्क पॉलिगॉनच निवडा. हे दोनदा वाचा. पीओएल हे नाणं इथेरियमवरही ईआरसी२० टोकन म्हणून आहे. नजरचुकीने ईआरसी२० ने काढलं तर पीओएल इथेरियमच्या वहीत येईल, पॉलिगॉनवर गॅस म्हणून चालणार नाही आणि तिकडून हलवायला ईथ लागेल. म्हणजे एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात. शिवाय एक्सचेंजची काढण्याची किमान मर्यादा बघून घ्या, ती पाळूनच पीओएल खरेदी करा, नाहीतर दोन रुपयांचा पीओएल घेऊन बसाल आणि काढता येणार नाही.

विश्रामबाग_नवखा

दिसले! ‘टू’च्या ओळीला खरंच दचकलो होतो. नेटवर्क बदलल्यावर इम्पोर्ट न करताच १०० दिसले. आता भावाच्या ‘टी’ पत्त्याचं सांगा.

माची_पेठ

टी म्हणजे ट्रॉन, टीआरसी२०. सगळ्यात स्वस्त आणि सगळे तेच वापरतात. १०० परत एक्सचेंजवर टाका, टीआरसी२० ने काढा, भावाला पाठवा. काम झालं.

पोवईनाका_नोड (सातारा)

‘सगळ्यात स्वस्त’ हे अर्धंच खरं आहे, माची_पेठ. ट्रॉनवर दोन गोष्टी खर्च होतात, बँडविड्थ आणि एनर्जी. बँडविड्थ रोज ६०० फुकट मिळते, एका यूएसडीटी व्यवहाराला ती पुरते. एनर्जी फुकट मिळत नाही. घेणाऱ्याच्या पत्त्यावर आधीपासून यूएसडीटी असतील तर सुमारे ६५,००० एनर्जी लागते, कोरा पत्ता असेल तर जवळपास दुप्पट, १,३०,००० च्या आसपास. ती टीआरएक्स स्टेक करून (नेटवर्कवर अडकवून ठेवून) मिळवलेली नसेल तर त्या जागी टीआरएक्स जळतात. म्हणजे एक्सचेंजवरून काढताना स्वस्त वाटलेलं ट्रॉन, पुढे भावाला तिथून हलवताना पॉलिगॉनच्या कितीतरी पट महाग पडतं. आणि वॉलेटमध्ये टीआरएक्स कमी असेल तर व्यवहार ‘आउट ऑफ एनर्जी’ होऊन पडतो, टीआरएक्स मात्र जळालेले असतात.

विश्रामबाग, तुमचं मेटामास्क बरोबरच बोलतंय. पॉलिगॉनच्या व्यवहारात ‘टी’चा पत्ता बसतच नाही. सर्वांत सोपा उपाय भावाकडे आहे. त्याचं वॉलेट अनेक नेटवर्कवालं असेल तर वॉलेट बनवताना मिळालेल्या त्याच बारा गुप्त शब्दांतून (सीड फ्रेज) त्याचा ०एक्स पत्ताही आधीच निघालेला असतो. त्याने ‘रिसिव्ह’ दाबून पॉलिगॉनचा यूएसडीटी निवडायचा आणि तो पत्ता पाठवायचा. खर्च शून्य. फक्त पुढे त्याला ते हलवायचे असतील तर थोडा पीओएल त्यालाही लागेल. अर्धा पीओएल सोबत पाठवून द्या, खूप झालं.

आता एक धोक्याची युक्ती, जी कोणी ना कोणी सांगणारच: ‘टी पत्ता हेक्समध्ये बदल, पुढचे ४१ काढ, ०एक्स लाव.’ तांत्रिकदृष्ट्या हे होतं, कारण ट्रॉन आणि इथेरियमचे पत्ते त्याच पद्धतीच्या किल्लीतून निघतात. पण तो पत्ता एक्सचेंजचा असेल तर किल्ली भावाकडे नाहीच, पैसे अडकले. स्वतःच्या वॉलेटचा असला तरी ती किल्ली बाहेर काढून दुसऱ्या वॉलेटमध्ये घालायची कसरत करावी लागेल. नकोच.

बेदाणा_सौदा (सांगली)

पोवईनाका, नीट सांगितलंत. माची_पेठचा मार्गही चालतो, पण एक्सचेंजवर परत टाकताना ‘डिपॉझिट’मध्ये टोकन यूएसडीटी निवडल्यावर नेटवर्क पॉलिगॉन आहे का ते बघा. तिथे पॉलिगॉन दिसतच नसेल तर पाठवू नका, पत्ता ०एक्सवाला दिसला म्हणून खपून जाईल असं समजू नका.

चुकीच्या नेटवर्कवर गेलेल्या पैशांचं काय होतं हे इथे दर आठवड्याला विचारतात, तर लिहूनच टाकतो. स्वतःच्या वॉलेटचा ०एक्स पत्ता आणि ईव्हीएम नेटवर्क चुकलं: काही बिघडत नाही, ते नेटवर्क जोडा, पैसे तिथेच आहेत. एक्सचेंजचा पत्ता आणि एक्सचेंज घेत नाही असं नेटवर्क: किल्ली त्यांच्याकडे, तेव्हा त्यांच्या सपोर्टकडे तिकीट (तक्रार) टाका, हॅश द्या. काही काढून देतात, काही फी घेतात, काही हात वर करतात. टोकन त्याच टोकनच्या कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावर पाठवलं (कॉपी करताना वरचा पत्ता उचलला की होतं हे): जवळपास नेहमीच गेलं. एक्सआरपी, स्टेलर यांसारख्या नाण्यांत एक्सचेंजवर टाकताना मेमो किंवा टॅग विसरला: पैसे एक्सचेंजच्या सामाईक खात्यात पोचतात, पण कोणाचे ते कळत नाही, तेव्हा परत तिकीट. आणि ज्याला ‘स्मार्ट वॉलेट’ म्हणतात, म्हणजे ज्याचा पत्ताच एक कॉन्ट्रॅक्ट असतो, तो पत्ता दुसऱ्या नेटवर्कवर तुमचाच असेल याची खात्री नाही. तिथे ‘ईव्हीएम म्हणजे पत्ता एकच’ हा नियम लावायला जाऊ नका.

म्हणून कोणत्याही नव्या पत्त्याला पहिल्यांदा १ यूएसडीटी. समोरच्याने ‘मिळाले’ म्हटल्यावर बाकीचे. पॉलिगॉनवर या सावधगिरीची किंमत काही पैसे आहे.

मिरज_जंक्शन

नवख्यांसाठी एक भर. पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका. ठग तुमच्या ओळखीच्या पत्त्याशी पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळणारा पत्ता बनवतात आणि तुमच्या वॉलेटमध्ये ०ची किंवा कवडीमोल नोंद टाकतात. वॉलेट पत्ता मधून दुमडून दाखवतं, तुम्हाला तो मावसभावाचा वाटतो. मधली अक्षरं जुळवा, किंवा ॲड्रेस बुकमध्ये नाव देऊन ठेवा.

दुसरं, तुमच्या यादीत उद्या न मागितलेलं एखादं टोकन दिसेल, ‘५,००० डॉलर जिंकलात’ अशा नावाचं. ते विकायला जाऊ नका, त्यात दिलेल्या साइटवर तर अजिबात नाही. तिथे वॉलेट जोडलं की ‘अप्रूव्ह’ची सही मागतात, आणि ती सही बहुतेक वेळा तुमच्या यूएसडीटीवर असते. अप्रूव्हल म्हणजे दुसऱ्याला तुमच्या स्टोरेजमधून माल उचलायचं मुखत्यारपत्र. प्रत्येक नेटवर्कवर वेगळं लागतं आणि रद्दही वेगवेगळं करावं लागतं, प्रत्येक वेळी त्या नेटवर्कचा गॅस देऊन. कुठल्याही स्वॅपवर (टोकन बदलून देणारी साइट) अप्रूव्ह करताना ‘स्पेंडिंग कॅप’मध्ये तेवढीच रक्कम लिहा, ‘अनलिमिटेड’ नको.

आणि यूट्यूबच्या कॉमेंटमध्ये एखादा ‘माझ्या ट्रॉन वॉलेटमध्ये यूएसडीटी आहेत, काढायचे कसे’ म्हणत बाराच्या बारा शब्द लिहून ठेवतो ना, तो बावळट नसतो. त्या वॉलेटमध्ये यूएसडीटी दिसतात, टीआरएक्स नसतो. हावरा माणूस गॅससाठी टीआरएक्स टाकतो आणि तो लगेच उचलला जातो. यूएसडीटी हलत नाहीत, कारण त्या खात्याची सहीची परवानगी ट्रॉनवर आधीच दुसऱ्या किल्लीकडे वळवलेली असते.

विश्रामबाग_नवखा

बारा शब्द वहीत लिहिलेत. दुसऱ्या फोनवर दुसरं वॉलेट टाकून तेच शब्द दिले तर सगळं दिसेल ना?

कृष्णाकाठ

ईव्हीएम पत्ता बहुतेक तोच येईल. पण तीन अडचणी.

शब्दांपासून पत्ता काढायची एक वाट असते, डेरिव्हेशन पाथ. इथेरियमचा क्रमांक ६०, ट्रॉनचा १९५, सोलानाचा ५०१, बिटकॉइनचा ०. दोन वॉलेटनी वेगळी वाट धरली तर शब्द बरोबर असूनही पत्ता वेगळा आणि शिल्लक शून्य. सोलानात हे जास्त होतं. शब्द चुकले असं समजून हातपाय गाळू नका, वॉलेटच्या सेटिंगमध्ये दुसरी वाट निवडता येते का ते बघा.

दुसरं, मेटामास्कमध्ये खाजगी किल्ली टाकून ‘इम्पोर्ट’ केलेलं खातं त्या बारा शब्दांत येत नाही. त्याची किल्ली वेगळी लिहून ठेवावी लागते.

तिसरं, शब्द २,०४८ च्या ठरलेल्या यादीतलेच असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो. वहीत अक्षर लागत नसेल तर चार अक्षरांवरून यादीत शोधा. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर ‘स्वतःलाच मेसेज’ करून ठेवू नका. कृष्णेचं पाणी घरात शिरतं अशा भागात राहत असाल तर कागदाची दुसरी प्रत वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी. हे सांगलीत सांगायची गरज नाही खरं तर.

ताकारी_कालवा

ब्रिजचं, म्हणजे टोकन एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सोयीचं, कोणी बोललंच नाही. पॉलिगॉनवरचे यूएसडीटी आर्बिट्रमवर नेता येतात ना?

पोवईनाका_नोड (सातारा)

येतात, पण १०० यूएसडीटीसाठी एक्सचेंजमधून फिरवणं सोपं. ब्रिज वापरायचाच तर पलीकडच्या नेटवर्कवर गॅस आधी आहे का ते बघा, नाहीतर माल पोचतो आणि हलवायला हमाल नाही. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस यांच्या मूळ ब्रिजने इथेरियमवर परत यायला सुमारे ७ दिवस लागतात, कारण मधल्या काळात व्यवहाराला कोणी आव्हान देऊ शकतं. ते अडकलेलं नसतं, ठेवलेलीच मुदत आहे. इतर कंपन्यांचे ब्रिज काही मिनिटांत देतात, आपल्या फीवर आणि आपल्या जोखमीवर. आणि पलीकडे मिळणारं टोकन कोणतं ते वाचा. पॉलिगॉनवर यूएसडीसी आणि यूएसडीसी.ई ही दोन वेगळी टोकन आहेत, दुसरं ब्रिजने आलेलं. एक्सचेंज एक घेतं आणि दुसरं घेत नाही, असं होतं.

बेदाणा_सौदा (सांगली)

कर राहिला. भावाला देताना त्याच्याकडून रुपये घेणार असाल तर ती विक्री. नफ्यावर ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस. त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते, गॅस आणि एक्सचेंजची काढायची फी नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. यूएसडीटी देऊन पीओएल घेतला तरी तीसुद्धा विक्रीच. स्वतःच्या एक्सचेंजमधून स्वतःच्या वॉलेटमध्ये नेणं विक्री नाही. १ टक्का टीडीएस जुलै २०२२ पासून आहे, एक्सचेंजवर विकलं तर ते कापतं, आपापसात केलं तर मर्यादेवर घेणाऱ्याची जबाबदारी. नुसती भेट असेल तर ४० यूएसडीटीला काही नाही. पण मोठ्या रकमेला एक गोष्ट माहीत असू द्या: आयकराच्या व्याख्येत मावसभाऊ ‘नातेवाईक’ नाही, वर्षात सगळ्यांकडून मिळून ५०,००० रुपयांवर भेट गेली तर घेणाऱ्याला कर लागतो.

एक वही करा: तारीख, नेटवर्क, हॅश, किती टोकन, त्या दिवशीचा रुपयातला भाव. तीन नेटवर्कवर सहा महिने फिरलात की मार्चमध्ये हॅशवरून भाव शोधणं म्हणजे हळदीच्या पोत्यात मोहरी शोधणं.

आणि टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला यूएसडीटी विकून खात्यावर रुपये घेऊ नका. त्याने दिलेला पैसा कुणा फसवलेल्या माणसाचा निघाला तर पोलीस तक्रारीवरून तुमचं बँक खातं गोठतं. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

विश्रामबाग_नवखा

पीओएल पॉलिगॉन नेटवर्कने काढला, आला. भावाच्या ०एक्स पत्त्यावर १ यूएसडीटी पाठवायला घेतला तर पंधरा मिनिटं झाली, ‘पेंडिंग’च आहे. परत पाठवू का?

कृष्णाकाठ

नका पाठवू. प्रत्येक नेटवर्कवर तुमच्या व्यवहारांना ०, १, २ असे क्रमांक लागतात, त्याला नॉन्स म्हणतात. आधीचा अडकला की मागचे सगळे रांगेत थांबतात, म्हणजे दुसरा पाठवलात तर तोही पेंडिंग. त्याच व्यवहारावर ‘स्पीड अप’ दाबा. तो तोच नॉन्स घेऊन जास्त भावाने जातो आणि जुन्याची जागा घेतो. नवा भाव जुन्यापेक्षा किमान १० टक्के जास्त हवा, वॉलेट ते स्वतःच भरतं. सोडूनच द्यायचा असेल तर ‘कॅन्सल’, पण त्यालाही गॅस लागतो, कारण ‘कॅन्सल’ म्हणजे त्याच क्रमांकावर स्वतःलाच ० पाठवणं.

विश्रामबाग_नवखा

स्पीड अप केलं, वीस सेकंदांत ‘सक्सेस’. पॉलिगॉनस्कॅनवर भावाच्या पत्त्यासमोर १ दिसतोय, पण त्याच्या फोनवर शून्य.

पोवईनाका_नोड (सातारा)

त्याच्या वॉलेटच्या टोकन यादीत ‘यूएसडीटी, ट्रॉन’ चालू असेल. ‘यूएसडीटी, पॉलिगॉन’ वेगळा असतो, तो चालू करायला सांगा. त्याचंही रजिस्टर चुकीचंच उघडलंय.

विश्रामबाग_नवखा

दिसला. उरलेले ३९ आणि अर्धा पीओएल पाठवला. ३९ ला हमाली ०.००३२ पीओएल.